साइडकिक

रूबी भाषेतील वेब अनुप्रयोगांची पार्श्वकामे चालवणारे सॉफ्टवेअर. कर्ते माइक पेरहॅम. प्रथम प्रसिद्धी २०१२. कामांची यादी रेडिस या मेमरीतील माहितीसाठ्यात राहते. गिटहबच्या रेस्क (२००९) या अशाच सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चालू कामाला स्वतंत्र प्रोसेस लागे. साइडकिक एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड चालवून मेमरी वाचवते.

मॅस्टोडॉनमधील वापर : ऑयगेन रोख्को यांच्या मॅस्टोडॉन (२०१६) या स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणाऱ्या समाजमाध्यमात पोस्ट नोंदवून झाली की वापरकर्ता मोकळा होतो, ती इतर सर्व्हरांपर्यंत पोचवण्याचे काम साइडकिककडे जाते. प्रमुख रांगा : डीफॉल्ट (स्थानिक वापरकर्त्यांची कामे), पुश (बाहेर पाठवणी), इन्ग्रेस (बाहेरून आलेला मजकूर), मेलर्स (ईमेल), पुल (आयात, बॅकअप इ. कमी निकडीची कामे) आणि शेड्यूलर (ठरलेल्या वेळची कामे). रांगा वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये विभागता येतात. शेड्यूलर मात्र एकाच प्रोसेसमध्ये ठेवावी लागते.

क्षमता : ऑक्टोबर २०२२ अखेर ट्विटर इलॉन मस्क यांच्या मालकीचे झाले. त्यानंतर आलेल्या नव्या वापरकर्त्यांच्या ओघात अनेक मॅस्टोडॉन सर्व्हरांच्या रांगा तुंबल्या. रूबीच्या अंतर्गत कुलपामुळे एका प्रोसेसमधील रूबी कोड एका वेळी एकच थ्रेड चालवतो. जाळ्यावरील उत्तराची वाट पाहताना तेवढ्यापुरते हे कुलूप सुटते. म्हणून पाठवणीसाठी थ्रेड वाढवणे काही मर्यादेपर्यंत उपयोगी पडते, पुढे प्रोसेस वाढवाव्या लागतात. डेटाबेस जोडण्यांची मर्यादा (डीबी_पूल) थ्रेडसंख्येपेक्षा कमी ठेवल्यास थ्रेड जोडणीसाठी ताटकळतात. एकूण जोडण्या पोस्टग्रेस या डेटाबेसला पेलेनाशा झाल्यास जोडण्या वाटून वापरणारे पीजीबाउन्सर वापरतात. थ्रेडच्या योग्य संख्येबाबत सर्व्हरचालकांत एकमत नाही. रांगेतील कामांच्या संख्येपेक्षा सर्वांत जुने काम किती वेळ खोळंबले आहे, हा निकष अधिक विश्वसनीय होय.

अपयश : फसलेले काम वाढत्या अंतराने पुन्हा केले जाते, मूळ मांडणीत २५ वेळा, सुमारे तीन आठवड्यांत. त्यानंतर ते ‘मृत’ यादीत जाते. काम दोनदा चालण्याची शक्यता असल्याने ते पुन्हा केले तरी परिणाम बदलू नये, असे लिहावे लागते. रेडिसचे मेमरी धोरण ‘नोइव्हिक्शन’ असावे. एरवी मेमरी भरताच प्रलंबित कामे गुपचूप पुसली जाऊ शकतात.

देखरेख : वेब पटल उपलब्ध.

परवाना : मूळ आवृत्ती एलजीपीएल; प्रो व एंटरप्राइझ सशुल्क.