चाच्यांचा कप्तान
फ्लॉरिडातील टँपा शहरी चाच्यांच्या स्वारीचे सोंग १९०४ साली प्रथम निघाले. गंमत अशी की, त्या सोंगात राजा-राणीही असतात! खऱ्या चाच्यांस राजा कोठला? १७१९ साली हॉवेल डेव्हिस मारला गेला, तेव्हा खलाशांनी मते देऊन बार्थॉलोम्यू रॉबर्ट्स यास कप्तान केले; तो तर पकडून आणलेला, अवघ्या काही आठवड्यांचा सोबती. कप्तानाचा हुकूम चाले तो लढाईत. एरवी शिधा, लुटीची वाटणी व तंटे क्वार्टरमास्तराकडे असत. व्यापारी गलबतांवर जुलूम सोसलेली ही माणसे. सारी सत्ता एकाच्या हाती देण्यास ती धजत नसत. रॉबर्ट्सच्या करारनाम्यात या दोघांस दोन-दोन हिस्से, सारंग व मुख्य गोलंदाजास दीड, साध्या खलाशास एक. १७२२ साली रॉबर्ट्स इंग्रजी आरमाराशी लढताना पडला. त्याच्या बावन्न साथीदारांस फाशी झाली.