मिनी कूपरची ताकद आली कुठून?

छोट्या गाडीचं इंजिन शर्यतीसाठी तयार करायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: हेड फेस करून (घासून सपाट करून) घ्या, कॉम्प्रेशन वाढवा. हा सल्ला कितपत खरा, हे तपासायला ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या मिनी कूपरइतकं सोयीचं उदाहरण क्वचितच सापडेल. एकाच घराण्यातली इंजिनं आणि प्रत्येकाचे बोअर (सिलिंडरचा व्यास), स्ट्रोक (पिस्टनची धाव), कॉम्प्रेशन रेशो व अश्वशक्ती हे चार आकडे कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकांत आणि तपशीलपत्रकांत नोंदलेले. ते शेजारी शेजारी मांडून गणित केलं, की कोणता बदल कशासाठी झाला हे बऱ्याच अंशी उलगडतं.

हे घराणं ‘ए-सिरीज’ इंजिनांचं. १९५१च्या ऑस्टिन ए-३० मध्ये ते ८०३ सीसीचं होतं, पुढे ९४८ सीसीचं झालं. मिनीच्या सुरुवातीच्या नमुन्यांत हेच ९४८चं इंजिन होतं, पण गाडी फारच वेगवान ठरली. म्हणून ६२.९ मिमी बोअर तसाच ठेवून स्ट्रोक ७६.२ वरून ६८.२६ मिमीवर आणला. १९५९ साली बाजारात आलेली मिनी ती हीच: ८४८ सीसी, रेशो ८.३, अश्वशक्ती ३४.

१९६१ साली शर्यतीच्या गाड्या बनवणारे जॉन कूपर यांच्या नावाची मिनी आली: ९९७ सीसी, रेशो ९, अश्वशक्ती ५५. तिच्या तक्त्यात एक आकडा खटकतो. ताकद वाढवायची असूनही बोअर ६२.९ वरून ६२.४३ मिमीवर आणलेला आहे. स्ट्रोक मात्र ८१.२८ मिमी. जुना बोअर ठेवून हा स्ट्रोक दिला असता, तर क्षमता १,०१० सीसी झाली असती, म्हणजे शर्यतीची १,००० सीसीची मर्यादा ओलांडली असती. बोअर कमी करण्यामागे वर्गमर्यादाच असावी, हे अनुमान पुढच्या नोंदींनी पक्कं होतं: त्यानंतरची कूपर एस इंजिनं ९७०, १०७१ आणि १२७५ सीसीची आहेत. १,०००, १,१०० आणि १,३०० या तीन वर्गांत ती नेमकी बसतात.

आता कॉम्प्रेशनचा हिशेब. एका सिलिंडरची क्षमता भागिले (रेशो वजा एक), म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला असताना उरणारी जागा. ८४८च्या इंजिनात ती सुमारे २९ सीसी भरते. रेशो ८.३ वरून ९ वर न्यायचा तर ती २६.५ सीसी करावी लागेल. अडीच सीसी म्हणजे अर्धा चहाचा चमचा. एवढ्याने किती मिळतं? आदर्श ऑटो चक्राच्या सूत्राप्रमाणे कार्यक्षमतेत जेमतेम अडीच टक्के वाढ. प्रत्यक्षात लिटरमागची अश्वशक्ती ४० वरून ५५ वर गेली, म्हणजे ३८ टक्क्यांनी. उरलेली वाढ दुसरीकडून आली: एकाऐवजी दोन एसयू कार्बुरेटर, मोठे इनलेट व्हॉल्व्ह, आणि कमाल ताकद मिनिटाला ५,५०० ऐवजी ६,००० फेऱ्यांना.

सर्वांत बोलकी नोंद १९६३च्या १०७१ सीसी कूपर एसची. रेशो पुन्हा ९च, पण अश्वशक्ती ७०, म्हणजे लिटरमागे ६५. कॉम्प्रेशन तिळमात्र न वाढवता लिटरमागे दहा अश्वशक्ती जास्त! बोअर आता ७०.६ मिमी. तो बसवण्यासाठी मधले दोन सिलिंडर एकमेकांजवळ आणि कडेचे बाहेर सरकवले. रुंद बोअरमुळे ३५.६ मिमीचा इनलेट व्हॉल्व्ह मावला. स्ट्रोक मात्र ६८.२६ मिमी, म्हणजे १९५९ साली गाडी आवरण्यासाठी ठरवलेला तोच. आखूड स्ट्रोकमुळे फेऱ्या वाढवता आल्या. क्रँकशाफ्ट नायट्राइड केलेला, हेडला जादा बांधणी. १९६४ साली पॅडी हॉपकर्क यांनी माँटे कार्लो रॅली जिंकली ती याच इंजिनाच्या गाडीने.

१२७५चा तक्ता आणखी एक धडा देतो. स्ट्रोक ८१.३३ मिमी झाला. १०७१ मधली वरची ३३.४ सीसी जागा तशीच ठेवली असती, तर रेशो आपोआप साडेदहाच्या वर गेला असता. नोंद आहे ९.७५ची. म्हणजे अभियंत्यांनी दर सिलिंडरमागे सुमारे तीन सीसी जागा वाढवली. शर्यतीसाठी प्रसिद्ध झालेल्या या इंजिनात कॉम्प्रेशन आवरून धरलं आहे. क्षमता वाढवली की रेशो न सांगता चढतो, आणि पेट्रोलला तो झेपला नाही तर नॉकिंगने पिस्टन जातात, याची जाणीव या आकड्यांत दिसते.

मिनी कूपरची ताकद मुख्यतः हवेच्या वाटा रुंद करण्यातून, फेऱ्या वाढवण्यातून आणि त्या फेऱ्या सोसणारे भाग घडवण्यातून आली. कॉम्प्रेशनचा त्यातला वाटा लहान आहे. तेव्हा इंजिनाला हात घालणाऱ्याने हेड फेसिंगला देण्याआधी आपल्या इंजिनाचे बोअर, स्ट्रोक आणि वरची जागा मोजून कागदावर लिहावी, आणि नवा रेशो किती होईल ते आधी काढावं. एकदा घासलेलं हेड पुन्हा भरून येत नाही.