'व्हॅन इम्हॉफ' : एका आगबोटीची कथा

लढाऊ जहाजांची नावे इतिहास जपून ठेवतो. माल वाहणाऱ्या आगबोटींकडे मात्र त्याचे सहसा लक्ष जात नाही. 'व्हॅन इम्हॉफ' ही अशीच एक डच मालवाहू आगबोट. १९१४ साली रॉटरडॅम येथे ती बांधली गेली. तिचा भार सुमारे तीन हजार टन. वेग, वैभव यांपैकी काहीच तिच्यापाशी नव्हते.

परंतु हजारो बेटांचे राज्य रस्त्यांनी बांधता येत नाही. जावा, सुमात्रा, बोर्निओ, सेलेबिस यांना जोडणारे सूत्र म्हणजे १८८८ साली स्थापन झालेल्या डच पॅकेट कंपनीच्या आगबोटी. टपाल, तांदूळ, खोबरे, रबर, सरकारी अंमलदार आणि शिपाई, सारे याच बोटींतून जाई. डच सत्ता बेटोबेटी पोचली ती यांच्याच पाठीवरून.

बोटीला नाव मिळाले ते गव्हर्नर-जनरल व्हॅन इम्हॉफ याचे. सिलोनचा गव्हर्नर असताना त्याने त्रावणकोरच्या मार्तंडवर्म्याला युद्धाची धमकी दिली होती, आणि त्या युद्धात १७४१ साली कोलाचेल येथे डचांचा पराभव झाला. दुसरी गोष्ट अधिक लक्षणीय आहे : हा डच सत्ताधीश जन्माने जर्मन प्रदेशातील लेअर गावचा होता!

१९४० च्या मे महिन्यात जर्मनीने हॉलंडवर आक्रमण केले. १४ मे रोजी रॉटरडॅम, म्हणजे या बोटीचे जन्मगाव, बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झाले. तिकडे ईस्ट इंडीजमध्ये डच सरकारने जर्मन नागरिकांना अटकेत टाकले. त्यांत मिशनरी होते, डॉक्टर होते, व्यापारी होते. हिटलरच्या छळाला कंटाळून आलेले ज्यूही होते. डचांचा संताप समजण्यासारखा आहे. पण रॉटरडॅमवर बाँब टाकणारे हात या माणसांचे नव्हते.

पुढे जपानी फौजा जवळ येताच या कैद्यांना हिंदुस्थानात हलविण्याचे ठरले. दोन बोटी सुखरूप पोचल्या. तिसरी 'व्हॅन इम्हॉफ'. सुमात्राच्या सिबोल्गा बंदरातून ती १८ जानेवारी १९४२ रोजी सुटली. पावणेपाचशेच्या आसपास कैदी तिच्यावर काटेरी तारांआड कोंडलेले होते. दुसऱ्याच दिवशी निआस बेटाजवळ जपानी विमानाने तिच्यावर बाँब टाकले. बोट बुडू लागली. कप्तान, खलाशी आणि पहारेकरी जीवरक्षक होड्यांत बसून निघून गेले. कैदी मागे राहिले. नंतर 'बोएलोंगान' ही दुसरी डच बोट जवळ आली. पाण्यातली माणसे जर्मन आहेत असे कळताच तीही त्यांना न घेता परतली. चारशेंहून अधिक माणसे बुडाली. बालीत राहून तेथील कलेला नवी दिशा देणारा चित्रकार वॉल्टर स्पीस त्यांत होता. साठ-पासष्टजण तेवढे निआसला लागले.

या प्रकरणी कोणालाही शिक्षा झाली नाही. साठीच्या दशकात त्यावर तयार झालेला दूरचित्रवाणीपट हॉलंडमध्ये दाखवला गेला नाही. डच प्रेक्षकांना ही हकीगत पडद्यावर सविस्तर पाहायला मिळाली ती २०१७ साली.

अत्याचार सोसलेले राष्ट्र अत्याचार करू शकत नाही, ही आपली गोड समजूत 'व्हॅन इम्हॉफ'बरोबर बुडते. ज्याच्या हातापायांत आपण बेड्या घातल्या, त्याच्या प्राणांची हमी आपणच घेतलेली असते. तो शत्रू असला तरी ही हमी सुटत नाही. उलट तेव्हाच तिची कसोटी लागते.