जेझुइट चर्च, वसई

पालघर जिल्ह्यातील वसईच्या किल्ल्यात असलेली, मूळची जेझुइट मठाची चर्चवास्तू. येशूच्या पवित्र नावास वाहिलेले हे चर्च आता सेंट गोन्सालो गार्सिया चर्च या नावाने ओळखले जाते.

उत्तरेस वैतरणा नदी व दक्षिणेस उल्हास नदीची खाडी यांच्या दरम्यान वसई वसली आहे. गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने १५३४ च्या तहाने वसई व आसपासचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. पुढे वसई हे त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे झाले आणि फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन या संघांनी तटाच्या आत मठ उभारले. जेझुइटांचे येथील कार्य १५४९ च्या सुमारास सुरू झाले. चर्चला लागून त्यांचे निवासस्थान व विद्यालय होते. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया यांचे शिक्षण जेझुइटांकडे झाले. पुढे ते फ्रान्सिस्कन संघात गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मृत्यू आला आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले.

चर्चचा दर्शनी भाग हे वास्तूचे प्रमुख वैशिष्ट्य होय. प्रवेशद्वाराच्या दोन्ही अंगांस कॉरिंथियन शैलीचे स्तंभ असून वर येशूच्या नामाक्षरांचे चिन्ह कोरलेले आहे. वसईचा घडीव दगड त्याकाळी प्रसिद्ध होता; जुन्या गोव्यातील बाँ जेझूस बॅसिलिकेसाठीही तो समुद्रमार्गे नेण्यात आला.

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी किल्ला जिंकला व पोर्तुगीजांबरोबर मठवासीही वसईतून गेले. वसईच्या चर्चमधील काही घंटा मराठ्यांनी देवळांना अर्पण केल्या. नासिकचे नारोशंकर मंदिर व वाईजवळील मेणवली येथे अशा घंटा आहेत. वास्तूंची हानी केवळ युद्धाने झाली नाही. वापर थांबल्यावर लाकडी छपरे गेली, पावसाचे पाणी भिंतींत मुरले आणि वड-पिंपळाच्या मुळांनी सांधे उकलले.

विसाव्या शतकात किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आला. जेझुइट चर्चवर पुन्हा छप्पर घालण्यात आले आणि तेथे प्रसंगविशेषी उपासना होऊ लागली. याउलट सेंट अँथनीच्या नावाचे फ्रान्सिस्कन चर्च छपराविना, भग्नावस्थेतच जतन केले आहे. त्याच्या जमिनीतील कोरीव थडग्यांच्या शिळा हा पोर्तुगीज वसाहतीच्या इतिहासाचा मोलाचा पुरावा आहे.

एकाच किल्ल्यातील ही दोन उदाहरणे जीर्णोद्धाराचा मूळ प्रश्न स्पष्ट करतात. छप्पर घातल्याने भिंतींस संरक्षण व वास्तूस उपयोग मिळतो. परंतु नव्या कामाने जुन्याचा पुरावा झाकला जाण्याचा धोका असतो. अवशेष आहेत तसे राखल्यास पुरावा शाबूत राहतो, मात्र दर पावसाळ्यानंतर झाडोरा काढणे व चुन्याने सांधे भरणे अपरिहार्य ठरते. सिमेंट चुन्यापेक्षा कठीण असून ओल बाहेर पडू देत नाही. त्यामुळे जुन्या चुनेगच्ची भिंतींना ते घातक ठरते. वसईच्या चर्चवास्तूंचे आयुष्य एकदाच केलेल्या मोठ्या दुरुस्तीपेक्षा अशा नित्य देखभालीवरच अधिक अवलंबून आहे.