गोलंदाज बाळू पालवणकर

पालवण हें कोंकणांतलें गांव. त्या गांवाचें नांव आडनांव म्हणून लावणाऱ्या एका चांभार कुटुंबांत बाळूंचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें झाला. वडिलांच्या नोकरीमुळें कुटुंब पुण्यास आलें. मालगुंडच्या पुळणीवर मुलें माडाच्या झावळीच्या देठाची बॅट करून खेळतात. बाळू आणि त्यांचे धाकटे बंधु शिवराम यांना निदान लष्करांतील गोऱ्या अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू तरी मिळत. त्यांवरच त्यांचा हात बसला.

शाळा लवकर सुटली. पुण्यांतील पारशांच्या एका क्लबांत मैदान झाडावयाचें आणि खेळपट्टीवर रूळ फिरवावयाचा, याबद्दल बाळूंना दरमहा ३ रुपये मिळत. पुढें १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबांत ४ रुपयांवर गेले. जाळें बांधणें, खेळपट्टी आंखणें हें त्यांचें काम. परंतु सरावासाठीं साहेबांना चेंडू टाकण्याचेंहि काम त्यांजकडे आलें. कॅप्टन ग्रेग हे तेथले नामांकित फलंदाज. आपणांस बाद केल्यास दर खेपेस आठ आणे देऊं, असें त्यांनीं बाळूंना सांगितलें होतें, अशी आख्यायिका आहे. डाव्या हातानें संथ चेंडू टाकून तो दोन्ही बाजूंस वळविण्याची कला येथेंच घोटली गेली. बॅट मात्र त्या क्लबांत बाळूंच्या हातीं कधीं दिली गेली नाहीं; फलंदाजी हा साहेबांचा मान होता.

ही कीर्ति पुण्याच्या हिंदु खेळाडूंच्या कानीं गेली, आणि वाद उत्पन्न झाला. युरोपियनांना हरवावयाचें तर हा गोलंदाज हवा. पण तो अस्पृश्य! अखेर त्यांस संघांत घेतलें. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चाले. चहाच्या वेळीं मात्र त्यांचा पेला निराळा, मातीचा, आणि तोहि मंडपाबाहेर. चेंडूवरचें कातडें कोणासहि विटाळत नव्हतें, हें विशेष.

प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईस आले. परमानंददास जीवनदास हिंदु जिमखान्यांत त्यांस प्रवेश मिळाला, आणि बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या संघाकडूनहि ते खेळूं लागले. १९०६ च्या फेब्रुवारींत हिंदु आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०. युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदु १०९ धावांनीं विजयी झाले. बाळूंनीं दोन्ही डावांत मिळून ८ गडी बाद केले.

१९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडांत गेला. तेथें निम्म्याहून अधिक सामने संघानें गमावले. त्या पराभवांच्या रांगेंत बाळूंनीं ११४ गडी बाद केले, सरासरी १९ धावांहून कमी. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावांत त्यांनीं ८ गडी टिपले.

एवढें होऊनहि हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांस मिळालें नाहीं. वर्षामागून वर्षें नांव निघे आणि मागें पडे. १९२० सालीं तर त्यांस संघांतूनच वगळलें. कर्णधार पै आजारी पडले, तेव्हां नेतृत्व देवधरांस मिळालें. बाळूंचे बंधु विठ्ठल यांचा हक्क डावलला गेला. विठ्ठल आणि शिवराम यांनीं संघांतून अंग काढून घेतलें आणि कारण जातीचेंच आहे असें उघड सांगितलें. वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. पुढच्या सामन्यास तिघेहि बंधु परतले, बाळू उपकर्णधार झाले. आणि पै कांहीं वेळ मैदान सोडून गेले, कीं बाळूंनीं नेतृत्व करावें. पै यांचें हें करणें मनाचा मोठेपणा खरा. तरी हक्काच्या मानासाठीं दुसऱ्यानें मैदान सोडावें लागलें, हेंहि खरेंच. चाळिशी उलटलेल्या गोलंदाजाच्या वांट्यास तेवढेंच आलें.

१९२३ सालीं विठ्ठल कर्णधार झाले, आणि त्यांच्या हाताखालीं हिंदु संघ जिंकला. त्यांनींच १९४८ सालीं ‘माझें क्रीडा-जीवन’ हें पुस्तक लिहून त्या काळाची हकीकत नोंदविली.

उत्तर वयांत बाळू राजकारणांत उतरले. १९३७ च्या निवडणुकींत मुंबईंत काँग्रेसनें त्यांस डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभें केलें. डॉक्टरांना १३,२४५ मतें पडलीं, बाळूंना ११,२२५. ४ जुलै १९५५ रोजीं मुंबईंत बाळूंचें निधन झालें. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ गडी, ही त्यांची नोंद आहे.