बोर्डावरच्या बायका

इस्राएलमध्ये उतरलो तेव्हा प्रार्थनेची हिब्रू आम्हांस तोंडपाठ होती, बाजारातली मात्र कळत नव्हती. उपयोगी पडली ती मुंबईच्या शाळेतली इंग्रजी. तेल अवीवच्या किनाऱ्यावर तेव्हा मोठी हॉटेले उभी राहत होती. हिल्टन १९६५ साली उघडले. अमेरिकेचे पाहुणे येऊ लागले आणि आमच्यातल्या काही जणींना एका बड्या हॉटेलात टेलिफोनच्या बोर्डावर नोकरी लागली. मुंबईहून उत्तर आले, "चांगलेच की, बसून काम!"

बसून खरेच. समोर भोकांच्या रांगा, पुढ्यात दोऱ्यांच्या जोड्या. दिवा लागला की मागची दोरी त्यात खोचायची, शालोम म्हणून हॉटेलचे नाव सांगायचे, मग पुढची दोरी खोलीच्या भोकात घालून घंटी द्यायची. दोन्ही दिवे सांगतील तेव्हाच दोऱ्या काढायच्या. घाईने ओढली की बोलणे तुटे आणि साहेब थेट मॅनेजरकडे जाई. हे काम बायकांकडे आले त्याला आता शतक उलटून गेले. बोस्टनमध्ये आधी पोरगे ठेवले होते, ते गिऱ्हाइकांशी उर्मटपणे वागत; म्हणून १ सप्टेंबर १८७८ रोजी एम्मा नट यांना नेमले. मुंबईत एक्स्चेंज १८८२ साली सुरू झाले.

या देशात हॉटेलच्या बोर्डाची गोष्ट निघाली की जेरुसलेमचे किंग डेव्हिड आठवतेच. हॉटेल १९३१ चे. पुढे त्याच्या दक्षिणेकडच्या भागात ब्रिटिश सरकारचे सचिवालय आले. २२ जुलै १९४६ रोजी इर्गुनच्या लोकांनी दुधाच्या कॅनमधून तळघरात स्फोटके नेली. बोर्डावर इशाऱ्याचा फोन आला. १२ वाजून ३७ मिनिटांनी स्फोट झाला. ९१ माणसे मेली. त्यांत अरब, इंग्रज आणि यहुदीही होते. इशारा कधी आला, कोणापर्यंत पोचला, यावर वाद अजून संपलेला नाही. तो वाद वाचताना आमचे मन कानाला यंत्र लावून बसलेल्या त्या ऑपरेटरकडे जाते. हाती दोरी, पण इमारत रिकामी करण्याचा अधिकार नाही. आमच्या हॉटेलात तरी असा फोन आल्यास काय करायचे, हे कोणी कधी कागदावर लिहून दिले नाही.

कोकणात आपल्या पूर्वजांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी ते घाणा बंद ठेवीत. त्यांच्या नाती-पणती इस्राएलात येऊन शनिवारी बोर्डावर बसल्या! पाहुणे परदेशी, त्यामुळे एक जण लागेच. ६ ऑक्टोबर १९७३, योम किप्पूर, आपला दारफाळणीचा सण. आमच्यातली एक उपाशीपोटी पाळीवर होती. दुपारी दोनच्या सुमारास भोंगा वाजला आणि पाहता पाहता सगळा बोर्ड पेटला. प्रत्येकाला न्यूयॉर्क हवे, लंडन हवे. परदेशचा कॉल नोंदवून वाट पाहावी लागे, हे भीतीच्या वेळी कोण ऐकते? "रेगा, रेगा" म्हणता म्हणता तिचा घसा बसला. मिस्त्रीकाम करणारा तिचा धाकटा भाऊ राखीव सैन्यात होता. त्याला बोलावणे आले की नाही, हे विचारायला घरी फोनच नव्हता. रात्री पाळी सुटल्यावर कळले, तो गेला होता. (परत आला, देवाची कृपा.)

आमच्यापैकी बहुतेकींच्या घरी तेव्हा फोन नव्हता. अर्ज करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. रस्त्यावरच्या फोनसाठी भोकाचे आसिमोन दोऱ्यात ओवून पर्समध्ये ठेवायचे.

काही आठवड्यांनी भायखळ्याहून तिच्या आईचे पत्र आले: "तू टेलिफोनवरच असतेस ना गं? खालच्या मजल्यावर डॉक्टरांकडे पी. पी. फोन आहे. तीन रात्री मी तिथे बसून होते."