गांजा, वेड आणि दप्तरातील एक रकाना

मौजेखातर होणाऱ्या गांजाच्या सेवनाला उरुग्वेने २०१३ मध्ये व कॅनडाने २०१८ मध्ये कायद्याची संमती दिली आणि एक जुना वाद जगभर पुन्हा पेटला. या वादातील एक फार मोठी सरकारी चौकशी हिंदुस्थानातच झाली होती, याचे स्मरण मात्र थोड्यांनाच असते.

मद्यपाननिषेधाचे पुरस्कर्ते डब्ल्यू. एस. केन यांनी २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात बंगालमधील गांजाविषयी प्रश्न उपस्थित केला. त्यातून मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचा आयोग नेमला गेला. त्यांत तिघे हिंदी होते. आयोगाने १,१९३ साक्षी नोंदविल्या. मुलकी अधिकारी, डॉक्टर, वैद्य-हकीम व शेतकरी यांचे म्हणणे त्याने ऐकून घेतले. बंगालमधील नौगाव, मध्यप्रांतातील खंडवा व मुंबई इलाख्यातील अहमदनगर येथील लागवडीचाही त्याने विचार केला.

गांजाने माणूस वेडा होतो, हा त्या काळचा सर्वांत मोठा आक्षेप. त्याला आधार होता वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदींचा. आयोगाने त्या मुळापासून तपासल्या, तेव्हा निराळेच चित्र दिसले. रोग्यासोबत पोलिसांकडून कागद येई. रोगी कधीकाळी गांजा ओढीत असे, एवढे त्यात असले की ‘वेडाचे कारण’ या रकान्यात गांजा लिहिला जाई. तोच रकाना पुढे वार्षिक अहवालांत शास्त्रीय सत्य म्हणून मिरवे. १८९२ साली दाखल झालेल्या १,३४४ रोग्यांपैकी २२२ जणांचे वेड गांजा-भांगेच्या माथी मारले होते. छाननीअंती त्यांतले ९८ उरले आणि त्यांतही ३७ जणांच्या बाबतीत इतर कारणे होतीच.

माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेक घातक आहे आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही व इष्टही नाही, असा निर्णय १८९४ मध्ये बहुमताने झाला. पण मोकळीकही दिली नाही: परवान्याने लागवड, पुरेसा कर, दुकानांवर नियंत्रण व जवळ बाळगावयाच्या मालावर मर्यादा, असा मध्यममार्ग सुचविला. दोघा हिंदी सभासदांनी आपले भिन्न मत स्वतंत्रपणे नोंदविले.

स्वतंत्र भारताने १९८५ च्या कायद्याने गांजा व चरस निषिद्ध ठरविले. भांगेचे नुसते पान मात्र त्या व्याख्येबाहेर ठेवले. आज दोन्ही पक्ष आकडे पुढे करतात. ते आकडे कोणी भरले, कशावरून भरले, एवढे विचारण्याची सवय त्या सात जणांनी घालून दिली आहे. कायदा कोणत्याही बाजूने होवो, ती मोडता कामा नये.